बिनसलेला बॅरन

माणूस जातो, आणि त्यानंतर दोन वर्षांनी पडद्यावर येऊन असं काही बोलतो की ते डोक्यातून जाता जात नाही. एमान्युएल दास्तिए द ला विजरी या फ्रेंच भूमिगत चळवळीच्या पुढाऱ्याच्या बाबतीत तसं झालंय. १९६९ च्या जूनमध्ये तो वारला. १९७१ साली एक फ्रेंच माहितीपट आला, जो फ्रान्सच्या सरकारी टीव्हीने पुढे दहा वर्षं दाखवायचं टाळलं. त्यात तो दिसतो. उंच, सडसडीत, धारदार नाकाचा, उमरावी थाटात सावकाश बोलणारा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या अमलाखाली लोक विरोधात का उतरले, असा विषय निघाल्यावर तो जे म्हणतो त्याचा आशय असा: आपल्याच सोबत्यांबद्दल जरा वाईट बोलायचंय, पण या भानगडीत जो पडला तो मुळातच कुठे न रुळलेला माणूस होता. ज्याचं जगाशी नीट जुळलेलं होतं, तो कशाला रात्री-अपरात्री पत्रकं चिकटवत फिरेल?

बोलणं झकास आहे. थोडं खट्याळ, थोडं खिन्न. म्हणूनच त्यावर पटकन विश्वास बसतो आणि तिथेच खटकायला लागतं.

स्वतःपुरतं मात्र तो अगदी खरं बोलत होता. जन्म १९०० च्या जानेवारीतला, पॅरिसचा. वडील सैन्यातले बॅरन. आई मोंतालिवे घराण्यातली, आणि या घराण्याने फ्रान्सला दोन गृहमंत्री दिलेले, एक नेपोलियनच्या काळात, एक लुई-फिलिपच्या. अशा घरातल्या धाकट्या मुलाने काय करायचं असतं? त्याने नौदल धरलं आणि १९३१ मध्ये सोडून दिलं. मग पत्रकारिता, कविता, कादंबरीचे प्रयत्न, आणि अफू. अफूचं व्यसन नुसतं चवीपुरतं नव्हतं, चांगलं जडलेलं होतं. राजकारणात तरुणपणीचा ओढा राजेशाहीवादी उजव्यांकडे. स्पेनच्या यादवीच्या सुमारास तो दुसऱ्या टोकाला सरकू लागला. चाळिशीला आलेल्या या गृहस्थाकडे दाखवण्यासारखं म्हणाल तर आडनाव होतं आणि बोलण्यातली मोहिनी होती. महायुद्ध सुरू झालं तेव्हा नौदलाच्या हेरखात्यात बोलावणं आलं, आणि १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला.

वरचे दोघे भाऊ मात्र आपापल्या जागी घट्ट होते. फ्राँस्वा हवाई दलात जनरल. आँरी कट्टर राजेशाहीवादी, पुढे अल्जिअर्समधल्या कटांचा सूत्रधार. १९४२ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी, मार्शल पेतांच्या जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारातल्या ॲडमिरल दार्लांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या प्रकरणात आँरीला अटक झाली. एक भाऊ गणवेशातला, एक राजासाठी जीव टाकणारा आणि तिसरा पुढे कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून बसणारा. तिघेही जर्मनांच्या आणि विशी सरकारच्या विरोधात गेले. ‘न रुळलेला’ या एका खुंटीवर तिघांना टांगता येत नाही. फ्राँस्वा तर चांगला रुळलेला होता.

१९४० च्या शेवटी एमान्युएलने दक्षिणेत, म्हणजे अजून जर्मन सैन्य न पोहोचलेल्या भागात, मूठभर माणसं गोळा केली आणि त्या टोळक्याला भपकेबाज नाव दिलं: ‘शेवटची तुकडी’. स्ट्रासबुर्ग विद्यापीठ तेव्हा जर्मनांमुळे विस्थापित होऊन क्लेर्माँ-फेराँला आलेलं होतं. तिथे त्याची गाठ पडली जाँ कावाइयेसशी. हा गणिताच्या तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. आणि ल्युसीशी, जिला जग पुढे ल्युसी ओब्राक म्हणून ओळखू लागलं. ती इतिहासाची शिक्षिका, नुकतं लग्न झालेली, नवरा रेमों इंजिनियर. जॉर्ज झेराफा नावाच्या व्यावसायिकाने पैसे घातले. या चौघांकडे पाहा. नोकरी, पदवी, संसार, धंदा, सगळं जागच्या जागी होतं. या टोळक्यात बिनसलेला एकच होता, आणि तो पुढारी होता.

पहिली मोठी मोहीम फसली ती पत्रकांची. १९४१ च्या फेब्रुवारीत विशीधार्जिण्या ‘ग्रिंगोआर’ साप्ताहिकाविरुद्ध दक्षिणेतल्या शहरांमधून पत्रकं आणि चिकटपट्ट्या लावायचं ठरलं. हे काम ऐकायला पोरखेळ वाटतं, पण त्यात चुकायला पुष्कळ जागा असते. मोठं पोस्टर लावायचं तर खळ हवी, खळीला पीठ हवं आणि पीठ रेशनवर. बादली आणि कुंचला लपवता येत नाही. हाताला आणि बाहीला लागलेली खळ वाळून पांढरी पडते आणि पोलिसाला प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. म्हणून तळहाताएवढ्या, मागून गोंद लावलेल्या पट्ट्या बऱ्या, जिभेने ओल्या करून चालता चालता दाबायच्या. पण खरी अडचण वेगळीच असते. एकच मजकूर एकाच वेळी अनेक गावांत दिसला, की यामागे एक संघटना आहे हे तुम्ही स्वतःच पोलिसांना सांगून टाकता. मग एका गावात एक जण सापडला तरी पुरतो. नीम शहरात दास्तिएची पुतणी पकडली गेली. असं आडनाव असलं की फ्रान्सभर त्या नावाची एकच वेल, कुठल्याही कारकुनाने ओढली की काकापर्यंत पोहोचणारी. काका भूमिगत झाला. पुतणी तुरुंगात गेली.

हे मला त्याच्या त्या वाक्याशेजारी ठेवून पाहावंसं वाटतं. ज्याचं काही बिनसलं नव्हतं अशी एक तरुण मुलगी किंमत मोजते, आणि जवळजवळ तीस वर्षांनी काका म्हणतो की यात बिनसलेलेच उतरत.

त्या फटक्यानंतर त्याला जे सुचलं ते मात्र अस्सल. रेल्वे यार्डातल्या डब्यांची चोरून मोडतोड करण्यापेक्षा वर्तमानपत्र काढायचं. जुलै १९४१ मध्ये ‘लिबेरासियों’चा पहिला अंक निघाला. नावाखाली रुबाबात छापलेलं: फ्रेंच मुक्ती दलांच्या संचालक मंडळाचं मुखपत्र. दलं नव्हती आणि मंडळ म्हणजे वरचीच चार-सहा माणसं. ही सरळ सरळ थाप होती आणि ती कामाची ठरली, कारण वाचणाऱ्याला आपण एकटे नाही एवढंच कळायला हवं होतं. थाप आत्मविश्वासाने मारायला उमरावी वळण लागतं, असं म्हणायचा मोह होतो.

गुप्त वर्तमानपत्र म्हणजे लेखणीचं काम, ही समजूत छापखान्याच्या दारातच गळून पडते. लिहून व्हायला एक संध्याकाळ पुरे, खरं काम ओझ्याचं. पत्राच्या कागदाएवढ्या आकाराच्या, दोन पानी अंकाचं वजन तीन ग्रॅम धरा. दहा हजार प्रतींचे तीस किलो होतात. तीस किलोची बॅग उचलून स्टेशनवर सहज चालता येत नाही, हमाल करावा तर तो विचारतो आत काय आहे. म्हणजे दोन बॅगा, दोन माणसं, शक्यतो दोन गाड्या. रेल्वेने माल म्हणून पाठवायचं तर खोट्या नावाची पावती, आणि सोडवून घ्यायला जाणाऱ्याला आधी फलाटावर दुरून पाहून घ्यावं लागतं की त्या खोक्याकडे आणखी कोणी पाहत तर नाही ना. कागदाची रिळं परवान्यावर मिळत. मुद्रक दुसऱ्या कामाच्या नासधुशीत ती जिरवत. खिळे जुळवणाऱ्याने रात्रीच फॉर्म मोडून टाइप परत खणांत टाकायचा, कारण शिशाचा जुळवलेला मजकूर हा सर्वांत वाईट पुरावा. तरीही एखादा झिजलेला ‘आर’ किंवा टोक तुटलेला ‘टी’ राहतोच. अंकावरचं ते अक्षर आणि दुकानातल्या लग्नपत्रिकेवरचं ते अक्षर भिंगाखाली शेजारी ठेवलं की मुद्रक सापडला. म्हणून छापखाने बदलत राहायचे. वाटप करणाऱ्याला गठ्ठा कुणी दिला हे ठाऊक नसलेलं बरं आणि पुढे कुणाला गेला हेही. एवढं करून ‘फ्राँ-तिरर’ या शेजारच्या गटाच्या पत्राने नावाखाली थट्टेने छापलं होतं: मासिक, जमेल तसं, मार्शलच्या पोलिसांच्या कृपेने.

या साखळीतला प्रत्येक जण पाहा: मुद्रक, खिळे जुळवणारा, रेल्वेचा माल-कारकून, बॅग नेणारी शिक्षिका. त्यांच्या उपयोगाचं सगळं मर्म त्यांच्या रुळलेपणात होतं. मालधक्क्यावर वीस वर्षं काढलेल्या कारकुनालाच कळतं कुठलं खोकं कुणी उघडत नाही. बिनसलेला माणूस तिथे दोन दिवसांत उठून दिसला असता.

दास्तिएची कमाई दुसरीकडे होती. दक्षिणेतले दुसरे मोठे पुढारी, ‘काँबा’ गटाचे कॅप्टन आँरी फ्रने, शिस्तीचे, सैनिकी डोक्याचे, सगळ्याची चौकट आखणारे. दास्तिएला चौकट जमत नसे. त्याला दारं ठोठवायला आवडे. बॅरनचा हा मुलगा कामगार संघटनांकडे गेला, लेऑं जुओसारख्या जुन्या खोडाकडे गेला, समाजवाद्यांकडे गेला, आणि त्याच्या पत्राला जी कामगारवर्गाची बाजू मिळाली ती यातून. १९४२ च्या १ मेला आणि मग १४ जुलैला दक्षिणेतल्या शहरांत लोक रस्त्यावर उतरले, त्या हाकेत ‘लिबेरासियों’चा आवाज होता. मार्सेयमध्ये १४ जुलैला फॅसिस्ट पक्षवाल्यांनी केलेल्या गोळीबारात दोन बायका मेल्या. सगळ्यांकडे सारख्याच मोकळेपणाने जाण्याची ही हातोटी ज्याचं कुठेच काही अडकलेलं नाही त्यालाच जमते. इथे त्याचं म्हणणं मला मान्य करावं लागतं, पण एवढ्यापुरतंच.

एप्रिल १९४२ मध्ये तो आंतीबच्या किनाऱ्यावरून ‘अनब्रोकन’ या ब्रिटिश पाणबुडीत चढला. पीटर चर्चिल नावाचा ब्रिटिश एजंट छोट्या घडीच्या होडीतून रेडिओवाल्यांना किनाऱ्यावर सोडायला आला होता, परतीच्या खेपेला हा. समुद्रातून माणूस न्यायचा तर काळोख लागतो, आणि विमानातून काही टाकायचं तर चांदणं लागतं. त्यामुळे या लोकांचं सगळं पंचांग चंद्रावर चाले. जिब्राल्टरमार्गे लंडन, तिथे, बाहेरून जर्मनांविरुद्ध लढा चालवणाऱ्या जनरल द गॉलची भेट. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्याने द गॉलला नावाने न हाक मारता ‘प्रतीक’ म्हटलंय, त्यात आदर आणि चिमटा दोन्ही आहेत. द गॉलने त्याला वॉशिंग्टनलाही पाठवलं. मग पुन्हा फ्रान्स, पुन्हा लंडन. २६ जानेवारी १९४३ ला दक्षिणेतले तीन गट एकत्र आले, अध्यक्ष द गॉलचा दूत जाँ मूलाँ. फ्रनेंकडे सैनिकी बाजू, दास्तिएकडे राजकीय. या दोघांचं एकमेकांशी किती जमायचं हे न सांगताही कळेल.

लंडनमधल्याच मुक्कामात, १९४३ मध्ये, त्याने एक गाणं लिहिलं. चाल रशियन वंशाच्या आना मार्लीची. पुढे इंग्रजीत गेलं, आणि १९६९ मध्ये लेनर्ड कोहेनने गायलं तेव्हा ते गाणाऱ्या कित्येकांना शब्द कुणाचे हे ठाऊकही नव्हतं. एकट्या उरलेल्या बंडखोराचं गाणं आहे. त्यात एक म्हातारा येतो. रात्रीपुरतं माळ्यावर लपवून घेतो, जर्मन त्याला धरून नेतात, आणि त्याला मरताना नवल वाटत नाही. एवढंच. तो म्हातारा बिनसलेला होता का? त्याला घर होतं, घराला माळा होता. दास्तिएने आपल्या सिद्धांताचं खंडन सिद्धांत मांडायच्या पंचवीस वर्षं आधीच करून ठेवलं होतं, आणि गाण्यातला माणूस मुलाखतीतल्या माणसापेक्षा जास्त शहाणा होता असं माझं मत आहे.

नोव्हेंबर १९४३ मध्ये अल्जिअर्सच्या हंगामी सरकारात तो गृहखात्याचा कमिशनर झाला. मोंतालिवे घराण्याच्या हिशेबात हा तिसरा गृहमंत्री; फक्त याच्याकडे देश नव्हता. जानेवारी १९४४ मध्ये न्यूमोनियातून उठलेला ब्रिटिश पंतप्रधान विन्स्टन चर्चिल माराकेशला विश्रांती घेत होता, तिथे हा जाऊन धडकला. मागणी एकच: डोंगरात जमलेल्या पोरांना शस्त्रं द्या. चर्चिलला भीती होती की ही शस्त्रं फ्रेंच एकमेकांवरच चालवतील. दास्तिएने त्याला राजी केलं. २७ जानेवारीला लंडनमध्ये मंत्री आणि अधिकाऱ्यांसमोर बैठक झाली, आणि आग्नेय फ्रान्सवर शस्त्रं टाकणाऱ्या फेऱ्या वाढल्या. त्याच्या मोहिनीने केलेलं हे सर्वांत वजनदार काम, शब्दशः.

कारण ते वजन खाली कुणालातरी झेलायचं होतं. हॅलिफॅक्स विमानातून एका फेरीत पंधरा नळकांडी पडत. प्रत्येक माणसाएवढं लांब, भरलेलं दीडशे किलोच्या आसपास. संध्याकाळी बीबीसीवर ठरलेलं निरर्थक वाक्य ऐकू आलं की माळावर जायचं. वाऱ्याच्या दिशेने शंभर-शंभर मीटरवर तीन लाल दिवे एका रेषेत, टोकाला बाजूला एक पांढरा, त्यातून मोर्समध्ये ठरलेलं अक्षर. वैमानिकाने दीडशे-दोनशे मीटरवर उतरून टाकलं तर माल माळात पडतो. भीतीने वर राहिला तर दोन मैलांवर कुणाच्या तरी कोठारावर. फार खाली आला तर पॅराशूट उघडत नाही. एक नळकांडं उचलायला चौघे, बैलगाडी असली तर बरं, आणि उजाडायच्या आत पंधराही गायब. पॅराशूटचं कापड पुरून टाकायचा हुकूम असे. तो पाळला जात नसे, कारण कापड रेशनवर होतं आणि शेतकऱ्याच्या मुलीच्या अंगावरचा नवा ब्लाउज पुढच्या आठवड्यात सगळ्या गावाला सगळं सांगून जाई. आत स्टेन बंदुका, ग्रीसमध्ये बुडवलेल्या. ते नीट पुसलं नाही तर बंदूक अडकते. मॅगझिनमध्ये ३२ गोळ्या मावतात म्हणून ३२ भरल्या तरी अडकते, दोन-चार कमी भरायच्या. आणि दस्त्यावर आपटली तर आपोआप सुटते. हे शिकवायला कुणी नसलं की पहिला जखमी आपलाच.

पण स्टेन ही पन्नास-शंभर मीटरची वस्तू. रस्त्यावर दबा धरून मारायचं आणि पळायचं, एवढ्यासाठी. पठारावर ठाण मांडून लढायला तोफा लागतात, आणि त्या आल्या नाहीत. ग्लिएरच्या पठारावर मार्च १९४४ मध्ये भरपूर नळकांडी पडली. महिनाअखेरीस पठार पडलं, शंभराहून अधिक पोरं गेली. व्हेर्कोरच्या पठारावर १४ जुलैला अमेरिकन विमानांनी भरदिवसा माल टाकला, आठवड्याने जर्मन ग्लायडर उतरले. तिथून अल्जिअर्सला शेवटची तार गेली, की मदत आली नाही तर लंडन आणि अल्जिअर्समध्ये बसलेल्यांना आम्ही गुन्हेगार आणि भेकड म्हणू. अल्जिअर्समध्ये तेव्हा दास्तिए मंत्री होता. तोफा त्याच्या हातात नव्हत्या हे खरं, पण डोंगरातल्या माणसांच्या मनात आशा कुणी पेरली, हा प्रश्न त्याने उरत नाही असं नाही.

पॅरिस मोकळं झाल्यावर, सप्टेंबर १९४४ मध्ये, द गॉलने गृहखातं दुसऱ्याला दिलं. पुढची वीस वर्षं मी भराभर ओलांडतो. १९५८ पर्यंत खासदार, कम्युनिस्टांचा सहप्रवासी, लोकांनी ठेवलेलं नाव ‘लाल बॅरन’. लेनिनच्या सोबत्याची, क्रासिनची मुलगी ही त्याची बायको. सोव्हिएत शांतता पारितोषिक. स्टालिनबद्दल त्याने त्या काळात बाळगलेलं मौन आणि लिहिलेलं कौतुक, दोन्ही आज वाचवत नाही. दैनिक झालेलं ‘लिबेरासियों’ १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने पैसा थांबवल्यावर बंद पडलं. आज त्या नावाने निघतं ते १९७३ चं वेगळं पत्र. आणि मग हाच माणूस टीव्हीवर पंधरा-पंधरा मिनिटं एकटा बोलत द गॉलच्या बाजूने उभा राहिला. शेवटपर्यंत कुठेच रुळला नाही. याबाबतीत त्याने स्वतःला बरोबर ओळखलं होतं.

इतरांना मात्र नाही ओळखलं. कावाइयेसला १९४४ मध्ये आरासला गोळ्या घालून ‘अनोळखी क्र. ५’ म्हणून पुरलं. ल्युसीने १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये, पोटात मूल असताना, लिऑनच्या रस्त्यावर जर्मन गाडीवर हल्ला करवून नवऱ्याला सोडवलं, आणि युद्धानंतर परत वर्गात जाऊन इतिहास शिकवू लागली. द गॉलने मुक्तीसाठी लढणाऱ्यांचा जो सर्वोच्च सन्मान काढला, त्याचे मानकरी १०३८. तिन्ही दास्तिए भाऊ त्यात आहेत. कावाइयेसही आहे, मरणोत्तर. त्या १०३८ जणांत बायका फक्त सहा, आणि त्या सहांत ना ल्युसी आहे, ना ती पुतणी.